जे वासंतीने लिहिलं नाही

वासंती गेल्यावर चार महिन्यांनी तिचा नवा लेख आला.

शरदराव उकिडवे तेव्हा देवरुखच्या घरी मागच्या पडवीत शेजाऱ्यांचा पंखा उघडून बसले होते. मोटर वाइंडिंगचं दुकान त्यांनी कधीच बंद केलं होतं, पण हाताला काम नसलं की हे गृहस्थ चिडचिड करतात, हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे कोणी ना कोणी काहीतरी बिघडलेलं आणून ठेवायचं. फोन वाजला. हात पुसून त्यांनी तो उचलला. ‘ओट्यावरून : नवीन लेख’.

‘आमचे हे सध्या स्वतः स्वयंपाक करतात. म्हणजे कुकर लावतात आणि पेपर वाचत बसतात. काल खिचडी केली. तिला खिचडी म्हणायचं की गिलावा, हे एखाद्या गवंड्याला बोलावून विचारावं लागेल.’

शरदराव खो खो हसले. अगदी तिचंच होतं ते. हसता हसता पंख्याचं पातं मांडीवरून घरंगळलं, आणि ते उचलायचं भान त्यांना बराच वेळ राहिलं नाही.

‘ओट्यावरून’ हा वासंतीचा ब्लॉग. केतकी, त्यांची एकुलती एक लेक, पुण्याला शिकायला गेली तेव्हा जुना कॉम्प्युटर घरी ठेवून गेली. वासंतीने तो स्वयंपाकघरात आणला आणि ओट्याच्या कोपऱ्यावर, डाळींच्या डब्यांशेजारी त्याची स्थापना केली. तेव्हापासून वीस वर्षं, आठवड्याला एक लेख. आज काय केलं, काय करपलं, कोण आलं, कोण उगाच आलं. बाई तोंडाने फटकळ आणि लिहायलाही तशीच. डोंबिवलीचे कोणी परांजपे होते, त्यांनी ‘आमटीत साखर घालून पाहा’ असा सल्ला दिला, तर त्यांच्याशी आठवडाभर भांडली. मस्कतपासून नाशिकपर्यंत लोक ते भांडण वाचत होते. शरदराव स्वतः कधी ब्लॉगवर काही लिहायच्या फंदात पडले नाहीत. बिलाच्या पलीकडे त्यांनी आयुष्यात काही लिहिलंच नव्हतं.

ती आषाढात गेली. दिवाळीच्या सुमारास ब्लॉग चालवणाऱ्या कंपनीचा निरोप आला. ब्लॉग बरेच दिवस शांत आहे. बंद करायचा, तसाच ठेवायचा, की अनुलेखकाकडे सोपवायचा? ‘बंद’ या शब्दावर बोट ठेवणं शरदरावांना जमलं नाही. ‘तसाच’वरही जमलं नाही. राहिलं ते तिसरं.

अनुलेखक म्हणजे लिहिणारं यंत्र. त्या सुमाराला ते बऱ्याच ठिकाणी आलं होतं, लोकांना त्याचं नवल उरलं नव्हतं. एखाद्या माणसाने आयुष्यात जेवढं लिहिलं तेवढं सगळं ते वाचून काढतं. कुठल्या शब्दानंतर ते माणूस कुठला शब्द आणतं, कशावर चिडतं, वाक्य कुठे तोडतं, याची एक जाळी त्याच्या पोटात तयार होते. मग नवीन काही सांगितलं की ते त्या जाळीतून गाळून बाहेर काढतं. रोज संध्याकाळी फोन विचारायचा, ‘आज काय झालं?’ शरदराव सांगायचे, आणि सकाळी ते वासंतीच्या तोंडून वाचायचे. प्रत्येक लेखाच्या खाली बारीक अक्षरात ‘अनुलेखन’ असं लिहिलेलं असायचं. पाककृती वाचायला आलेली माणसं तितक्या खाली जात नसत.

सुरुवातीला शरदरावांकडे सांगण्यासारखं काही नसायचं. घरात बसलेल्या माणसाचं काय होणार? मग सांगायला काहीतरी हवं म्हणून ते बाहेर पडू लागले. बाजारात जायचे, मासेवालीशी घासाघीस करायचे, वाटेत भेटेल त्याची चौकशी करायचे. लोक म्हणाले, शरदराव सावरले. ते खोटंही नव्हतं. फक्त संध्याकाळची वेळ ते कोणाला देत नसत. केतकीने चारदा बोलावलं तरी पुण्याला गेले नाहीत. तिकडे गेल्यावर वासंती लिहिणार कशावर?

“बाबा, ती आई नाहीये,” केतकी फोनवर म्हणाली.

“मला माहीत आहे गं. मी काय खुळा आहे?”

“मग रोज तिच्याशी काय बोलतोस?”

“तिच्याशी नाही बोलत. त्या यंत्राला सांगतो.”

“काल सहा वाजता तुला घाईघाईने फोन ठेवायचा होता. म्हणालास, ती वाट बघत असेल.”

“असं म्हणालो मी?”

शरदरावांनी विषय बदलून पुण्याच्या हवेची चौकशी केली.

बघता बघता वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाला केतकी आली. सावंतवाडीहून नलूताई आल्या. या वासंतीच्या थोरल्या बहीण. वय पंचाहत्तरच्या पुढे, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. भटजींचं उरकलं. स्वयंपाकाला शेजारच्या बाई आल्या होत्या, पण काय करायचं ते शरदरावांनी स्वतः सांगितलं होतं. गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानात असावं, असा आपल्याकडे रिवाज. त्यांनी परसातला अळू स्वतः काढला, देठं सोलली, शेंगदाणे भिजवले. पितरांचं पान वाढलं तेव्हा वाटीत अळूची पातळ भाजी त्यांनी आपल्या हाताने, काठोकाठ घातली.

नलूताई पाटाच्या बाजूला खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी वाटीकडे पाहिलं.

“शरदराव, हे फदफदं कोणासाठी?”

“वासंतीसाठी. तिला आवडायचं ना.”

“कोणाला?”

“वासंतीला. अहो, उरलेला अळू वाटीत घेऊन मागच्या पायरीवर बसायची. बोटाने वाटी निपटून काढायची. मला म्हणायची, तुम्ही आत जा, तुमच्यासमोर खायची लाज वाटते.”

नलूताईंनी केतकीकडे पाहिलं. केतकीने मान खाली घातली.

“माझ्या बहिणीच्या ओठाला अळू लागला तरी घसा सुजायचा,” नलूताई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. “लहानपणी एकदा डॉक्टरकडे उचलून न्यावं लागलं होतं. तुमच्या घरी यायच्या आधी आईने तुमच्या आईला बजावून सांगितलं होतं. तुम्हाला माहीत नाही?”

शरदरावांना माहीत होतं. त्याच क्षणी सगळं आठवलं. अळू त्यांना आवडायचा, त्यांना. वासंती हाताला तेल चोळून देठं सोलायची, तरी संध्याकाळपर्यंत मनगटं खाजवत राहायची. भाजी चाखायची वेळ आली की चमचा त्यांच्यापुढे धरायची, “मीठ बघा.” संसार झाला तेवढी वर्षं ती त्यांच्यासाठी अळू करत आली आणि एकदाही तिने तो जिभेवर ठेवला नाही.

“पण मी बघितलंय तिला,” ते म्हणाले. “पायरीवर. हिरवं लुगडं होतं.”

“आई लुगडं कधी नेसली, बाबा?” केतकीने फोन काढला, शोधलं आणि त्यांच्यापुढे धरला. ‘अळू आणि मागची पायरी’. तारीख माघातली. खाली बारीक अक्षरात ‘अनुलेखन’.

ती वाटी पानावरून कोणी उचलायची, हे कोणालाच ठरवता येईना. शेवटी नलूताई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, वाटी घेतली आणि परसात जाऊन रिकामी करून आल्या. “तिला कळतंय सगळं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही काही मुद्दाम नाही केलंत. चला, पानं घ्या. खीर गार होतेय.”

दुसऱ्या दिवशी शरदरावांनी कंपनीला फोन लावून माणूस मागितला. पडद्यावर एक तरुण बाई आली. फरीदा मुकादम. रत्नागिरीची निघाली.

“काका, मी ‘ओट्यावरून’ शाळेत असल्यापासून वाचते,” ती म्हणाली. “अम्मी मोदक शिकली ती वासंतीकाकूंच्या लेखावरून. बोला, काय झालं?”

शरदरावांनी सांगितलं. ऐकताना तिचा चेहरा उतरला.

“त्यात बिघाड काही नाही, काका, हेच वाईट आहे. काकूंनी अळूवर पंधरा-वीस वेळा लिहिलंय, आणि इतकं मायेने लिहिलंय. मी खात नाही, असं कुठे लिहिलं नाही. यंत्राला काय दिसणार? जी बाई एखाद्या पदार्थावर असं लिहिते तिला तो आवडत असणार. जे लिहिलेलं नसतं ते यंत्र रिकामं ठेवत नाही, चार लोकांच्या सरासरीने भरतं.”

“आणि लुगडं?”

“तसंच. कोकण, परस, पायरी, बाई. त्याच्या हिशोबाने लुगडं येतं. अजून एक आहे. अनुलेखक दर महिन्याला सगळा ब्लॉग पुन्हा वाचतो, ताजा राहावा म्हणून. आता त्या ब्लॉगात त्याचे स्वतःचे लेख आलेत. काकू आठवड्याला एक लिहायच्या, हा रोज लिहितो. नवीन लेखांना तो वजनही जास्त देतो. म्हणजे काकूंना वाचून शिकायचं सोडून तो हळूहळू स्वतःलाच वाचून शिकायला लागलाय. त्यात आधी जातं ते क्वचित असलेलं. काकूंचा राग, एखाद्यालाच मारलेला टोमणा, मध्येच उलटं बोलणं. नेहमीचं तेवढं उरतं.”

शरदरावांना हे कोणी जास्त समजावून सांगायची गरज पडली नाही. जळलेली मोटर आली की आधी जुन्या तारेचे वेढे मोजायचे आणि तेवढेच नव्याने घालायचे. आधीच्या माणसाने दोन कमी घातलेले असतील तर तुम्हीही दोन कमी घालणार, वर तुमची एखादी चूक. अशी चार हातांतून गेलेली मोटर त्यांनी कितीदा पाहिली होती. बटण दाबलं की फिरते, आवाज झकास करते. पाणी चढवत नाही.

“ते सगळं पुसून पहिल्यासारखं करता येईल?”

“येईल. फक्त काकूंचं लिखाण ठेवून पुन्हा सुरू करता येईल. वर्षभराने परत इथेच येऊ.”

“मी बाकीचं सांगितलं तर? तिने लिहिलं नाही ते?”

“सांगून बघा,” ती म्हणाली.

संध्याकाळी फोनने विचारलं, ‘आज काय झालं?’ शरदराव नीट बसले आणि म्हणाले, “वासंती अळू खायची नाही. तिचा घसा सुजायचा. माझ्यासाठी करायची.” एवढंच म्हणाले.

सकाळी लेख आला. ‘मी अळू का खात नाही’. तो वाचताना शरदरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यात एक लहान मुलगी होती, तिची आजी होती, एक ओढा होता. आजीने अळूच्या पानावर पाण्याचा थेंब ठेवून दाखवला आणि त्याच रात्री आजी गेली. त्या दिवसापासून मुलीने अळू तोंडात घातला नाही. शेवटी होतं, ‘यांच्यासाठी मात्र करते. प्रेम म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं पाहून पोट भरणं.’ दुपारपर्यंत खाली शेकडो लोक रडून गेले होते. ‘वासंतीताई, हल्ली तुम्ही पूर्वीपेक्षा किती हळुवार लिहिता,’ असं डोंबिवलीच्या परांजप्यांनी लिहिलं होतं.

शरदरावांनी फोन पालथा ठेवला. वासंती असलं काही बोलली असती तर त्यांनी तिला ताप आलाय का ते पाहिलं असतं. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, “खाजतं म्हणून खात नाही, त्यात काय?” ते वाक्य त्यांनी मनातल्या मनात तिच्या आवाजात म्हणून पाहिलं. आलं. पण त्याच्यामागे लगेच ओढा आला, आजी आली, पानावरचा थेंब आला. ते हटवायला गेले तर ती चित्रं जास्तच ठळक झाली.

त्यांना भीती वाटली. खरी गोष्ट एकच उरली होती, तीही त्यांनी काल देऊन टाकली होती.

केतकी खोलीत सामान भरत होती. ते दारात जाऊन उभे राहिले.

“केतू, ब्लॉग बंद करायचाय. आणि ती गेल्यानंतरचं सगळं काढून टाकायचं.”

तिने हातातली साडी घडी न करताच बॅगेत ठेवली. आईचीच होती.

“सगळं?”

“सगळं. तूच म्हणत होतीस ना?”

“म्हणत होते.” ती पलंगावर बसली. “बाबा, मी रोज वाचायचे. ऑफिसला जाताना. तुझ्यावर ओरडायचे आणि वाचायचे. माझ्या वाढदिवसाला त्यात माझ्याबद्दल आलं होतं. केतकी झाली तेव्हा किती आनंद झाला, असं.” तिने नाक ओढलं. “आईने माझ्यावर वीस वर्षांत एक लेख लिहिला. तोही मी तिचा तवा जाळला म्हणून. बाबा, तेवढा एक ठेवूया?”

शरदराव तिच्याशेजारी बसले. ठेवू, असं म्हणणं फार सोपं होतं.

“तू झालीस तेव्हा आनंद झाला, हे तुला मी सांगितलं तर चालेल?” ते म्हणाले. “मी होतो तिथे.”

“काय म्हणाली होती आई?”

“म्हणाली, नाक तुमच्यावर गेलंय, आता हिचं कसं व्हायचं.”

केतकी हसायला लागली आणि मग रडायला लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “काढ सगळं.”

बंद करण्याआधी अनुलेखकाने विचारलं, ‘निरोपाचा लेख लिहून देऊ का?’ शरदराव ‘नको’ म्हणाले. डाळींच्या डब्यांशेजारी बसून एकेक अक्षर दाबत त्यांनी स्वतः लिहिलं. दुपार गेली त्यात. केतकीने शुद्धलेखन पाहते म्हटलं, तर तेही नको म्हणाले.

‘नमस्कार. मी शरद उकिडवे. वासंती इथे ज्यांना आमचे हे म्हणायची तो मी. वासंती मागच्या आषाढात वारली. त्यानंतर इथे आलेलं तिचं नाही, यंत्राचं आहे. खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं. तुमच्यापैकी काही जणांनी तिला दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या, तिच्या तब्येतीची चौकशी केली. मी ते वाचलं आणि गप्प बसलो. मला माफ करा. मला करमत नव्हतं.

ते सगळे लेख आज काढतो आहे. तुम्हाला आवडले होते हे माहीत आहे. मलाही आवडले होते. पण वासंती एवढी गोड नव्हती. ती भांडखोर होती. परांजपे, तिने तुम्हाला साखरेवरून काय काय लिहिलं होतं ते परत वाचा. ती खरी. तिने लिहिलेलं सगळं इथे राहील, त्यात नवीन काही येणार नाही. तिने लिहिलं नाही असंही पुष्कळ होतं. ते माझ्याजवळ आहे आणि मी कोणाला सांगणार नाही.

वीस वर्षं तुम्ही तिचं ऐकून घेतलंत. घरात मी एकटाच होतो, मला एकट्याला ते झेपलं नसतं. आभारी आहे.’

केतकी पुण्याला गेली. आळीतल्या लोकांनी पुन्हा पंखे, मिक्सर आणून द्यायला सुरुवात केली. संध्याकाळी फोन वाजत नसे. शरदरावांनी मनाशी एक पद्धत ठरवली. वासंती आठवली की आधी पाहायचं, ती चिडलेली आहे का. चिडलेली असली की आठवण खरी, ठेवायची. गोड काही आठवलं की ते यंत्राचं असणार, सोडून द्यायचं. बरेच दिवस हे नीट चाललं.

एका सकाळी ते कपडे वाळत घालत होते. दोन दिवस कणकण होती, ती नुकतीच उतरली होती. एकाएकी त्यांना जुनं दुकान आठवलं. दुकान नवीन असतानाचे दिवस. अंगात ताप, शटर अर्धं ओढलेलं, ते बाकावर पडलेले. वासंती डबा घेऊन आत आली. तिने पदराचं टोक भिजवून त्यांच्या कपाळावर ठेवलं. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं. ती उठली नाही. म्हणाली, “ओरडू दे त्याला. तुम्ही आहात म्हणून माझं बरं चाललंय.”

शरदराव टॉवेल हातात घेऊन थांबले. असं कधी बोलली होती ती? तिच्या स्वभावात बसत नव्हतं. नियमाप्रमाणे सोडून द्यायला हवं होतं. पण पदर सुती होता आणि त्याला फोडणीचा वास येत होता, हे त्यांना अजून कळत होतं. त्या तापाचं त्यांनी कधी संध्याकाळी फोनला सांगितलं होतं का? सांगितलं असेल. लेख आला होता का? ते पाहायला आता लेखच नव्हते. त्यांनीच काढले होते. दुकानात तेव्हा ती दोघंच होती. नलूताईंना माहीत असायचं कारण नाही, केतकी जन्मलेली नव्हती.

“काय गं,” त्यांनी विचारलं. मोठ्याने विचारलं. “म्हणाली होतीस का?”

आठ महिने या घरात विचारलं की उत्तर यायचं. सकाळपर्यंत यायचंच. शरदरावांनी वाट पाहिली. शेजारच्या बाईंनी कुंपणापलीकडून पाहिलं आणि त्या आत गेल्या. टॉवेलचं पाणी त्यांच्या पायांवर ठिबकत राहिलं. मग त्यांनी तो पिळला, दोरीवर टाकला, चिमटा लावला, आणि बादलीतला दुसरा कपडा घ्यायला वाकले ते तिथेच, ओल्या जमिनीवर बसून राहिले.